दुधी धरेना, तेव्हा

'मुलं उत्साहाने बी पेरतात आणि आठवड्यात कंटाळतात' असं बऱ्याचदा ऐकू येतं, म्हणून हा आमचा अनुभव. माझी दोघं (वय ९ आणि ६) घरीच शिकतात. बाल्कनीत मेथीपासून सुरुवात केली. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही.

खरी गोडी लावली ती सोसायटीच्या सामायिक बागेतल्या दुधीने. फुलं भरपूर, पण दुधी धरेना. लेक वेलाखाली बसून बघत राहिली आणि म्हणाली, "आई, काही फुलांच्या खाली इवलासा दुधी आहे, काहींना नुसताच देठ." नर-मादी फुलं तिने अशी स्वतः ओळखली! दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून सातच्या सुमारास एक नर फूल (नुसत्या देठाचं) खुडलं, पाकळ्या काढल्या आणि पराग मादी फुलात हलकेच टेकवले. चार दिवसांत दुधी फुगलेला दिसला. आता शिवणाची टेप घेऊन रोज मोजमाप आणि वहीत आलेख, मी न सांगता.

बागेत येणाऱ्या एका आजोबांनी वेलाभोवती पाणी धरणारं आळं करायला शिकवलं. ते माझ्याच्याने झालं नसतं.

आणि कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या तर कृपया लगेच फवारू नका, त्या फुलपाखराच्या असू शकतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात. डिवचलं की डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढतात. धाकट्याने एक डहाळीसकट बरणीत ठेवली होती, तिचा कोष झालाय. सकाळी दात घासायच्या आधी तो बरणीपाशी असतो.