सात दिवसांत सहनशीलता? दिवस प्रोटोकॉलचे, उंदराचे नव्हेत

उंदीरमामा: परवा इथे कोणीतरी ठणकावून लिहिलं, "उंदराला मॉर्फिनची सहनशीलता यायला (म्हणजे तोच डोस कमी लागू पडायला) सात दिवस लागतात." का, तर प्रोटोकॉल (प्रयोगाची ठरलेली पद्धत) सात दिवसांचा म्हणून! माइसच्या (लहान उंदरांच्या) त्वचेखाली ७५ मिग्रॅ मॉर्फिनची पेलेट (हळूहळू विरघळणारी गोळी) बसवा, ७२ तासांत सहनशीलता येते. रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) शिरेतून सतत मॉर्फिन सोडलं तर औषध चालू असतानाच काही तासांत परिणाम ओसरू लागतो. कॉक्स आणि सहकाऱ्यांचं हे काम १९६८ चं आहे!

शंकासुर: ते "कोणीतरी" म्हणजे मीच. १० मिग्रॅ/किलो, दिवसातून दोनदा त्वचेखाली, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी टेल फ्लिक (शेपटीला उष्णता दिल्यावर ती किती वेळाने झटकली जाते, ती चाचणी). अर्धं जग हेच करतं. पेलेट असली की रिसेप्टरला (पेशीवर मॉर्फिन जिथे चिकटतं त्या जागेला) उसंतच नाही. टोचलेलं मॉर्फिन पुढच्या डोसाआधी उतरतं. दोन्ही एका तराजूत कसे?

कटऑफ: तराजूच खोटा आहे तुमचा. त्या डोसाला नवखा माउस थेट कट-ऑफला (शेपटी भाजू नये म्हणून चाचणी थांबवायच्या वेळमर्यादेला) टेकतो. थोडी सहनशीलता आली तरी तो तिथेच दिसणार, म्हणजे पहिले दिवस झाकलेच गेले. वाढते डोस देऊन डोस-परिणामाची पूर्ण रेघ काढा, ईडी-५० (निम्मा परिणाम देणारा डोस) किती पट सरकला ते सांगा. आणि हॉट प्लेटवर (तापलेली पाटी, पंजा चाटेपर्यंतचा वेळ मोजतात) रोज जनावर ठेवू नका. पुन्हा पुन्हा ठेवलं की सलाइनवालाही (मॉर्फिनऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलेला) पंजा लवकर चाटतो. ती सवय, सहनशीलता नव्हे.

शंकासुर: मी टेल फ्लिक म्हटलं. वाचता येतं ना?

उंदीरमामा: टेल फ्लिक तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? शेपटी गार असली की तापायलाच वेळ लागतो, लेटन्सी (शेपटी झटकेपर्यंतचा वेळ) फुकटात वाढते. शेपटीचं तापमान नोंदवतं कोण?

रिसेप्टर: घ्या, धागा शेपटीला लागला! सहनशीलता जागेच्या सवयीशीही बांधलेली असते हे दाखवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सीगलचं नाव कोणी काढेना. १९८२ चा हेरॉइनचा प्रयोग: मोठा डोस सवयीच्या खोलीत दिला तेव्हा सुमारे ३२ टक्के रॅट मेले, परक्या खोलीत ६४, आणि हेरॉइन कधीच न मिळालेले ९६. टोचायचं एका खोलीत नि तपासायचं दुसरीत, मग सहनशीलता कमीच दिसणार.

शंकासुर: म्हणजे सगळी खोलीची जादू? मग एमके-८०१ या औषधाने मेंदूतला एनएमडीए रिसेप्टर अडवला की सहनशीलता रोखली जाते, ती कशी? १९९१, ट्रुहिलो आणि अकिल यांचा प्रयोग.

रिसेप्टर: एनएमडीए शिकायलाही लागतो, साहेब, आणि खोलीची सवय हे शिकणंच. उदाहरण माझ्याच पारड्यात टाकलंत, आभार.

शंकासुर: बरं बाबा. "दिवसातून दोनदा १० मिग्रॅ/किलो, टेल फ्लिकवर, त्याच खोलीत, सात दिवसांत ठळक दिसते." झालं समाधान?

उंदीरमामा: सहनशीलता कशाची, तेही लिहा. वेदनाशमनाची लवकर येते, बद्धकोष्ठतेची जेमतेम.

कटऑफ: आणि कट-ऑफ किती सेकंदांचा?

शंकासुर: १०!!

कटऑफ: शेपटीचं तापमान?