मदत हवी आहे: ओढा साफ करतो, पण पाऊस पडला की पुन्हा जैसे थे

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीतल्या ओढ्यावर रहिवाशांचा एक गट काम करतो. कचरा उचलणं, जलपर्णी काढणं चालू असतं. पण मोठी सर आली की वरून सगळं पुन्हा वाहून येतं, काठही खचतो. शिवाय ओढा ऐन उन्हाळ्यातही 'वाहतो', करडा आणि फेसाळ. ते पाणी झऱ्याचं नाही हे सांगायला तज्ज्ञ नको!

शेतीच्या पाणलोटात 'माथा ते पायथा' हे सूत्र पाठ असतं, म्हणजे पाणी आधी वर अडवायचं-मुरवायचं, मग खाली यायचं. शहरात माथा म्हणजे गच्च्या, डांबर आणि फरशा. १००० चौरस मीटर गच्चीवर २५ मिमी पाऊस झाला की २५,००० लिटर पाणी थेट गटारात. गटातल्या बऱ्याच जणांना आता काठाला काँक्रीटची भिंत हवी आहे. मला ती पटत नाही. गुळगुळीत पात्रात वेग वाढतो आणि खचणं खालच्यांच्या माथी जातं.

माणसं मोजकी आहेत. आधी सांडपाण्याचा माग काढावा की माथ्यावरचं पाणी मुरवावं? आणि माग काढायचा कसा?

प्रतिसाद १
आधी सांडपाणी. दोन-तीन दिवस पाऊस नसताना सकाळी, घरोघरी पाणी वापरात असतं तेव्हा, काठाने वर चालत जा. पावसाळी पाण्याचा जो पाइप तेव्हाही वाहतोय तो संशयित. (कधी फुटलेली जलवाहिनीही निघते, म्हणून वास आणि फेस बघा.) अमोनिया (सांडपाण्याची खूण) आणि विरघळलेला ऑक्सिजन रंगावरून तपासायचे साधे किट मिळतात. ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमखाली गेला की बहुतेक माशांना जड जातं. तारीख, वेळ, फोटो, नकाशावर खूण अशी नोंद दिली की पालिकेला तक्रार टोलवता येत नाही. हातमोजे विसरू नका.

प्रतिसाद २
भिंत नकोच. काठाचा उतार कमी करा, पाणी पायथा कापतंय तिथेच दगड रचा, वर वाळा आणि स्थानिक गवत लावा. सभेत कुणी दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या चाँगग्येचॉन ओढ्याचे फोटो दाखवेलच. २००५ मध्ये रस्ता काढून उघडा केलेला तो ओढा देखणा आहे, पण त्यातलं बहुतांश पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं आहे.

धागाकर्ता
आभार. पाइपांची फेरी याच रविवारी काढतो. किट कोणी वापरलंय का? गढूळ पाण्यात रंग नीट वाचता येतो का, की आधी गाळून घ्यावं लागतं?