बोरन्हाणाआधी बाळाचे फोटो सुधारायचे आहेत : हलतात, पिवळे येतात, काळा झबला राखाडी दिसतो

दुपारचा_चहा

मुलगी सात महिन्यांची आहे, नुकती टेकूशिवाय बसायला लागलीये. संक्रांतीनंतरच्या रविवारी बोरन्हाण करतोय. फोटो घरचेच काढणार, फोटोग्राफर नाही.

हाताशी कॅनन १५००डी, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि एक मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन आहे. हॉलला पश्चिमेची बाल्कनी, मोठं सरकतं दार, बाहेर ग्रिल. एक भिंत पोपटी. छताला एक ट्यूब आणि दोन पिवळे एलईडी.

अडचणी अशा: हात आणि चेहरा हललेला येतो. संध्याकाळी गाल एकीकडून पिवळा, दुसरीकडून हिरवट. काळा झबला राखाडी दिसतो आणि हलव्याचे दागिने म्हणजे नुसता पांढरा ठिपका. फोनने जवळून काढलं की नाक फुगतं. ५० एमएम लेन्स घेऊ का? फ्लॅश बाळाला चालतो का?

तिरपं_ऊन

लेन्सचं नंतर बघू. तुमच्या यादीतल्या निम्म्या तक्रारी उजेडाच्या आहेत आणि त्या फुकटात सुटतात.

पहिलं काम म्हणजे वेळ. बोरन्हाण बहुतेक घरी संध्याकाळी असतं आणि जानेवारीच्या मध्यात मुंबई-पुण्याकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. पाहुण्यांना साडेसहाला बोलावलंत तर सगळे फोटो ट्यूबखालीच येणार. चारला बोलवा. सव्वाचार ते साडेपाच हा तुमच्या हॉलसाठी सोन्यासारखा वेळ आहे. बाळाची झोपही साधारण तोवर झालेली असते. पोट भरल्यावर लगेच मात्र बसवू नका, दूध बाहेर येतं. अर्धा तास जाऊ द्या.

पश्चिमेची बाल्कनी म्हणजे त्या वेळी थेट ऊन आत येणार आणि ग्रिलचे पट्टे बाळाच्या तोंडावर पडणार. दारावर एकेरी पांढरं सुती कापड लावा. जुनं धोतर असेल तर त्याच्यासारखं काही नाही, कारण विरलेलं असल्याने उजेड अडवत नाही, फक्त पसरवतो. रंगीत पडदा किंवा ओढणी नको, तोच रंग गालावर उतरतो. हाच दोष पोपटी भिंतीचा. गालावरची हिरवट झाक बहुधा तिथूनच येते आहे. त्या भिंतीवर चादर टाका, नाहीतर पाट तिच्यापासून सात-आठ फूट लांब मांडा.

पाट दारापासून तीन-चार फुटांवर ठेवा. बाळाचं तोंड दाराकडे सरळ नको, थोडं तिरकं, म्हणजे एका गालावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी उजेड पडेल. कमी उजेडाच्या बाजूला दोन फुटांवर पांढरी चादर किंवा थर्माकोलची शीट कुणाला तरी धरायला सांगा, सावली हलकी होते. जमलंय की नाही ते डोळ्यांत दिसतं. बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी, दाराचा पांढरा चौकोन चमकला पाहिजे. तो नसेल तर डोळे मेल्यासारखे दिसतात. मग पाट फिरवा, कॅमेऱ्याच्या सेटिंगशी खेळत बसू नका.

बाळ पलंगावर आडवं असेल तर डोकं खिडकीकडे, पाय आत. उलटं झोपवलंत तर उजेड हनुवटीखालून नाकपुड्यांत शिरतो आणि गोंडस बाळही भुताच्या नाटकातलं वाटायला लागतं.

आणि घरातले सगळे दिवे बंद. पिवळा एलईडी साधारण ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), ट्यूब ६५०० ची, खिडकीचा उजेड त्या दोहोंच्या मधला. तिन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की कुठलंही व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग सुधारायची सेटिंग) तिघांना एकदम खूश करू शकत नाही. एकच उजेड ठेवा, मग 'डेलाइट' वर ठेवलं तरी त्वचेचा रंग नीट येतो.

शटरवाला

वरच्याला +१. आता कॅमेरा.

हललेले फोटो शटर हळू असल्याने, म्हणजे ते जास्त वेळ उघडं राहिल्याने येतात, हात थरथरल्याने नव्हे. शांत बसलेल्या बाळाला १/२५० सेकंद, हात आपटणाऱ्या किंवा सरकणाऱ्या बाळाला १/५००. ऑटोवर हा कॅमेरा घरात १/६० च्या आसपास जाऊन बसतो आणि तिथेच घोळ होतो. वरची डायल 'टीव्ही' (Tv) या खुणेवर आणा, म्हणजे शटर तुम्ही ठरवाल. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटो ठेवा आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा ३२०० करा. थोडे दाणे दिसतील. दाणेदार फोटो चार बाय सहाच्या प्रिंटवर खपून जातो, हललेला कुठेच खपत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये एफचा आकडा (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तितकं जास्त) लुकलुकायला लागला तर उजेड कमी पडतोय, फोटो काळपट येणार. मग कमाल ६४०० करा किंवा पाट दाराकडे सरकवा.

काळा झबला राखाडी का येतो? कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. फ्रेममध्ये काळं जास्त दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. झबला उजळतो, हलवा पार पांढरा होतो आणि त्याचे काटे नाहीसे होतात. उपाय म्हणजे एव्ही+/- बटण दाबून चक्र उजेड कमी करण्याकडे फिरवा, -२/३ पासून सुरू करा आणि -१ पर्यंत जा. एक फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून बघा. हलव्याच्या दाण्यावरचे काटे वेगळे दिसले की थांबा, चेहरा किंचित काळपट वाटला तरी नंतर उचलता येतो. पांढरा उडालेला भाग परत येत नाही. उलट, पांढऱ्या दुपट्यावर पांढऱ्या कपड्यातलं बाळ असेल तेव्हा +२/३ करावं लागतं.

एम (मॅन्युअल) मोडमध्ये ऑटो आयएसओ ठेवलंत तर या कॅमेऱ्यात उजेड असा कमी-जास्त करता येत नाही, म्हणून टीव्हीच बरा.

फोकस: फोकसचे नऊही बिंदू चालू असले की कॅमेरा बहुधा जवळचं काहीतरी पकडतो, म्हणजे पुढे आलेली मूठ किंवा खुळखुळा. फक्त मधला बिंदू निवडा, नवांत तोच सगळ्यात भरवशाचा आहे. तो जवळच्या डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, फ्रेम किंचित सरकवा, पूर्ण दाबा. मध्ये सेकंदभर जरी गेला तरी बाळ पुढे झुकलेलं असतं, तेव्हा पुन्हा फोकस. स्क्रीनवर बघून फोकस करू नका, हा कॅमेरा त्यात फार रेंगाळतो.

आणि उभ्याने फोटो काढू नका. पालथे पडा, लेन्स बाळाच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. वरून काढलं की डोकं मोठं आणि पाय काडीसारखे दिसतात.

खिसा_रिकामा

५० एमएमबद्दल सावध. लेन्स छान आहे, एफ १.८ वर ती कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सच्या ५.६ च्या मानाने सुमारे दहापट उजेड आत घेते. पण १५००डीचा सेन्सर लहान, त्यामुळे ती ८० एमएमसारखी वागते. दहा फुटांवरून आडव्या फ्रेममध्ये जेमतेम साडेचार फूट रुंदी मावते. पाट, बाळ, ओतणारी आजी आणि बाजूची चिल्लीपिल्ली एकत्र हवी असतील तर पाठ भिंतीला टेकते. २४ एमएम एफ २.८ ची चपटी लेन्स त्याच अंतरावर नऊ फूट घेते. एकच घ्यायची आणि घरातच वापरायची तर माझं मत २४ ला.

५० घेतलीच तर १.८ वर लगेच जाऊ नका. एक मीटरवरून १.८ ला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. जवळचा डोळा येतो, लांबचा गेला. २.८ ला चार, ४ ला सहा सेंटिमीटर मिळतात. चेहऱ्याला २.८ पुरे.

या बोरन्हाणासाठी मात्र १८-५५ च चालवा. दुपारच्या उजेडात ती कमी पडणार नाही.

तळहात

फोनबद्दल कुणी बोललं नाही.

आधी लेन्स पुसा. बाळाला तेल लावलेल्या बोटांनी फोन उचलला जातो आणि काचेवर पातळ थर बसतो. मग खिडकीभोवती धुरकट वलय येतं आणि लोक फोनला नावं ठेवतात. जुन्या मलमलीच्या कपड्याने कोरडी पुसली तरी फरक दिसतो.

नाक फुगतं ते रुंद लेन्सने एक फुटावरून काढल्यामुळे. चार-पाच फूट मागे जा आणि २ एक्स वर काढा. 'ब्यूटी' बंद करा, तो त्वचा मेणासारखी करतो आणि कधीकधी गालावरची तीटही डाग समजून पुसट करून टाकतो. नाइट मोडही बंद, कारण तो एकामागून एक अनेक फोटो काढून ते जोडतो आणि तेवढ्यात बाळ हलतं. पोर्ट्रेट मोड कुंचीच्या झालरीवर आणि विरळ जावळावर हमखास चुकतो. साधा फोटो काढा. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो, मग बाजूची सूर्याची खूण खाली ओढून उजेड थोडा कमी करा.

नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल आकसते आणि पुढे कुणी त्याचीच प्रिंट काढायला नेतं. प्रिंटवरून आठवलं, फोनचा फोटो ४:३ असतो आणि चार बाय सहाची प्रिंट ३:२. डोक्यावर जागा सोडली नाही तर स्टुडिओवाला टोपीचं टोक कापतो.

पाटपाणी

फ्लॅश. नेहमीच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने डोळे बिघडत नाहीत, पण बाळ दचकतं आणि सपाट, चकचकीत चेहरा येतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश वापरूच नका. वेगळा फ्लॅश मिळाला तर त्याचं डोकं पांढऱ्या छताकडे वळवा. छत रंगीत असेल तर तोही नको.

एक महत्त्वाचं: फ्लॅशच्या फोटोंत दोन्ही डोळे लाल येणं साधं आहे. पण एकाच डोळ्यात पुन्हा पुन्हा पांढरी किंवा पिवळसर चमक दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तो फोटो सोबत न्या. बऱ्याचदा तिरक्या कोनामुळे तसं दिसतं, पण रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) गाठीची ती पहिली खूणही असू शकते.

आता ओतण्याचा क्षण. सात महिन्यांचं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. बोरं, हलवा, शेंगदाणे, उसाचे करवे, सगळं घशात अडकणारं. डोक्यावरून चुरमुरे आणि लाह्याच ओता, बोरं-करवे पाटाभोवती लांब मांडा, फ्रेममध्ये दिसायला तेवढं पुरतं. चुरमुरेही तोंडात जाऊ द्यायचे नाहीत. फोटो काढणाऱ्याशिवाय दुसरं एक माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, त्याचं लक्ष फक्त बाळाच्या हाताकडे. हलव्याचा हार दोऱ्यासकट ओढला जातो, म्हणून दागिन्यांचे फोटो आधी उरका आणि ते काढूनच ओतायला घ्या.

काळं कापड मागे लावू नका, काळा झबला त्यात बुडतो. फिक्कट भिंत किंवा मोतिया रंगाची साडी, बाळापासून चार फूट मागे.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे आभार. वेळ चारची केली, दिवे बंद करून एक फेरी करून बघितली. झबला काळा आला! दोन शंका. ओतताना १/५०० पुरेल का? आणि ती कॅमेऱ्याकडे बघतच नाही, खुळखुळा वाजवणाऱ्या आत्याकडे बघते.

शटरवाला

पडत्या चुरमुऱ्यांना १/५०० ला छोट्या रेघा येतात, त्या छान दिसतात. दाणा न् दाणा थांबलेला हवा असेल तर १/१०००, पण मग आयएसओ चढेल. सलग फोटोंचा मोड लावा. हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, त्यामुळे ओतायला सांगून लगेच दाबू नका. पहिले दाणे कपाळाला लागल्यावर बाळ डोळे मिटतं, नंतर वर बघतं. त्या वर बघण्याला दाबा. फाइल जेपीईजी ठेवा, रॉमध्ये (मोठ्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) थोड्याच फोटोंत बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि कॅमेरा अडतो. आजींना मूठमूठ, हळू आणि दाराच्या विरुद्ध बाजूने ओतायला सांगा, म्हणजे हाताची सावली तोंडावर पडत नाही.

पाटपाणी

आत्याला तुमच्या पाठीमागे उभं करा, खुळखुळा लेन्सच्या अगदी वर, चार बोटांवर. सतत वाजवायचा नाही. एकदा वाजवून थांबायचं. आवाज बंद झाल्यावर बाळ शोधायला बघतं, तोच फोटो. आणि बाकीच्यांनी 'इकडे बघ, इकडे बघ' करायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा.