आरओचे पाणी घातल्यापासून मोली जागच्या जागी डोलू लागल्या आहेत. काय चुकत असावे?

प्रश्न (नाशिकहून)

नमस्कार. आमच्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तिच्यात दिवाळीपासून आठ गप्पी, चार काळ्या मोली आणि तीन लाल प्लॅटी होत्या. पाच महिने नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवून वापरले आणि एकही मासा दगावला नाही. महिन्यापूर्वी, माशांनाही आपल्यासारखे शुद्ध पाणी मिळावे म्हणून, मी स्वयंपाकघरातील आरओचे पाणी घालू लागले आणि दर रविवारी जवळजवळ निम्मे पाणी बदलले. तेव्हापासून मोली एका जागी थांबून, पुढे न सरकता, नुसते अंग हलवत राहतात. गप्पींच्या शेपट्या मिटलेल्या छत्रीसारख्या दिसतात आणि या आठवड्यात तीन गप्पी गेल्या. पाणी मात्र नितळ आहे, आणि फिल्टरचा स्पंजही मी दर रविवारी नळाखाली खळखळून धुते. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आहे, ती अजून उघडलेली नाही. आणखी एक शंका आहे. सकाळी दिसलेल्या वीस-पंचवीस पिल्लांपैकी संध्याकाळी दोन-तीनच उरतात, ती कशी वाचवावीत?

उत्तर (पुण्याहून)

ताई, बाटली उघडू नका. आपण सांगितलेली लक्षणे रोगापेक्षा पाण्याकडे बोट दाखवतात, आणि अशी औषधे फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकतात.

आरओ यंत्र पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट जवळजवळ सगळे काढून टाकते. आपल्याला ते गोड लागते, पण पिल्ले देणाऱ्या या माशांची घडण क्षारयुक्त पाण्यातली आहे. मोली मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतच्या खाड्यांमध्ये आणि नद्यांच्या मुखांपाशीही राहते. प्लॅटीही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलीच. पाण्यातले क्षार एकदम उतरले की त्यांना शरीरातील क्षारांचा तोल राखणे जड जाते, आणि मोली डोलू लागते ती बहुधा याच कारणाने.

दुसरे कारण तितकेच गंभीर आहे. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते शोषून घ्यायला पाण्यात कार्बोनेट लागते. ते संपले की पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होते, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. त्यातच आपण स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुता, म्हणजे उरलेले जिवाणूही दर आठवड्याला कमी होतात. पाणी नितळ दिसले तरी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळावा, तेवढे पुरते.

पाणी पूर्ववत करताना घाई मात्र करू नये. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा कमी घातक रूपात असतो, आणि पीएच एकदम वाढला तर तोच विषारी होतो. म्हणून आधी किटने अमोनिया तपासा, मग एक दिवसाआड पाच-सहा लिटर पाणी काढून तेवढेच, क्लोरीन घालवलेले नळाचे पाणी सावकाश ओता, आणि खाद्य दिवसातून एकदाच, चिमूटभर द्या.

उत्तर (रत्नागिरीहून)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालते. आमच्या विहिरीचे पाणी जांभ्यातून येते आणि मुळातच मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, आहे, त्यामुळे नळाचे पाणी वापरा हा सल्ला इथे उपयोगी पडत नाही. मी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, ब्रशने घासून, खलबत्त्यात जाडसर कुटते आणि त्यांचे दोन मुठी तुकडे जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या तोंडाशी ठेवते. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की शिंपल्यांतले कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळते. पाणी सुधारले की विरघळणे आपोआप मंदावते, त्यामुळे मात्रा चुकण्याची भीती फारशी नसते. काही जण त्याऐवजी मीठ टाका असे सांगतात. मोलीला थोडे मीठ चालते, पण मिठाने कॅल्शियम मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

पिल्लांविषयी सांगायचे, तर आई आणि इतर मोठे मासेच ती खातात. प्लास्टिकच्या छोट्या पेटीत मादीला कोंडणे मला मुळीच पटत नाही. पोटात पिल्ले असताना ती घाबरते आणि कधी कधी पिल्ले अर्धवट टाकते. त्यापेक्षा हायड्रिला किंवा जावा मॉस या पाणवनस्पतींचा दाट पुंजका पाण्याच्या वरच्या थरात तरंगू द्या. पहाटे दिवा लावल्यावर त्या पुंजक्यात टाचणीच्या डोक्याएवढे डोळे चमकताना दिसतील. पहिले दोन आठवडे पिल्लांना आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा बोटांत चुरून पीठ केलेले खाद्य दिवसातून तीन-चार वेळा द्यावे.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल तपासणी केली तेव्हा पीएच 6 आला आणि अमोनियाही आढळला. आजपासून पाच लिटरने सुरुवात केली आहे. एक विचारायचे राहिले. नर वेगळे ठेवले, तर पिल्ले थांबतील ना? आणि जास्तीची पिल्ले गोदावरीत सोडली तर चालेल का?

उत्तर (पुण्याहून)

लगेच थांबणार नाहीत. मादी एका मीलनातील शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि साधारण चार आठवड्यांच्या अंतराने, नर नसतानाही, अनेकदा पिल्ले देते. नदीत मात्र कृपया एकही सोडू नका. गप्पी डासांच्या अळ्या खातात म्हणून त्या पाण्याच्या हौदांत सोडल्या जातात हे खरे, पण वाहत्या पाण्यात त्या झपाट्याने वाढतात आणि स्थानिक लहान माशांच्या अन्नावर, अंड्यांवर गदा आणतात. पाळणाऱ्या ओळखीच्या लोकांना द्या, नाहीतर दुकानदाराला विचारा; अनेक दुकाने निरोगी पिल्ले घेतात. अमोनिया शून्यावर येईपर्यंत नवा मासा मात्र आणू नका.