स्टार ट्रेकचा कॅप्टन: सोनेरी की लाल?

सांगलीकर_नाट्य: कॉलेजच्या गॅदरिंगला अंतराळयानावरची एकांकिका बसवतोय. स्टार ट्रेक या अमेरिकन टीव्ही मालिकांपैकी जुन्या मालिकेत कॅप्टन कर्क सोनेरी शर्टात, पुढच्या मालिकेत कॅप्टन पिकार्ड लाल! कापड पेठेत जायच्या आधी ठरवायचंय.

यानवेडा: लाल घ्या, लांबून उठून दिसतो.

शिवण_सातारा: अरे थांबा, आधी मालिका ठरवा. १९६६ च्या मालिकेत कमांड, म्हणजे कॅप्टन आणि हुकूम देणारे अधिकारी, सोनेरी, विज्ञान आणि वैद्यकीय निळा, इंजिनिअर आणि सुरक्षारक्षक लाल. १९८७ मध्ये कमांडला लाल आला, सोनेरी इंजिनिअरांकडे गेला. सरमिसळ करू नका, रंगावरून हुद्दा कळणं हीच त्या कपड्यांची खरी करामत आहे.

मी साताऱ्यात शिवणकाम करते, म्हणून कापडाचं सांगते. कर्कचा वेलूरचा, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचा, शर्ट मुळात हिरवट होता, दिव्यांखाली आणि फिल्मवर तो सोनेरी दिसायचा. तेव्हा तुकडा स्टेजच्या दिव्याखाली धरून बघितल्याशिवाय ताग्याला हात लावू नका. दुसरं, अंगाला चिकटणारं ताणाचं कापड नको. पिकार्डच्या मंडळींना सुरुवातीला स्पॅन्डेक्सचे घट्ट सूट होते, त्यांनी पाठ दुखायची. तिसऱ्या सीझनपासून प्रमुख नटांना लोकरी दोन भागांचे गणवेश मिळाले. तुम्ही टेरीकॉट घ्या, खांदे काळे लावा आणि काखेत माया जास्त ठेवा. पोरं स्टेजवर हात वर करणारच.

सांगलीकर_नाट्य: ताई, मग १९८७ चेच रंग पक्के. डॉक्टरला निळाच ना?

शिवण_सातारा: हो, पण हिरवट झाक असलेला निळा.