शब्द हवा आहे: रोग अडवणारं जनुक ‘अप्रभावी’ कसं?

तळटीप: शेतीविषयक अंकासाठी लेख करतेय. कोबी-मोहरीच्या कुळात विषाणूंना अडवणारी जनुकं कशी शोधली, हा विषय. रोग सलगम मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटवणारा विषाणूजन्य रोग. माझं वाक्य होतं, ‘चायनीज कोबीतलं हे अप्रभावी जनुक विषाणूच्या पुष्कळ प्रकारांवर चालतं.’ मुद्रितशोधकांनी समासात पेन्सिलने लिहिलं: ‘अप्रभावी आहे, तर चालतं कसं?’

शाळेत डॉमिनंटला (एकाच जनकाकडून आलं तरी गुण दाखवणारं जनुक) प्रभावी आणि रिसेसिव्हला (दोघांकडून आलं तरच दाखवणारं) अप्रभावी शिकलो. पण औषध अप्रभावी ठरलं म्हणजे लागू पडलं नाही, असाच अर्थ कुणीही घेणार. दुसरा शब्द आहे का?

परसदार: सुप्त.

कानामात्रा: सुप्त नको हो. सुप्त ज्वालामुखी उद्या जागा होतो. हे जनुक झोपलंय कुठे?

बीजांकुर: रोज याच शब्दांशी झटापट असते, म्हणून जरा लांबण लावतो.

विषाणूकडे स्वतःची प्रथिनं बनवायची सोय नसते, झाडाची वापरावी लागते. सलगम मोझॅकच्या विषाणूच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या आनुवंशिक द्रव्याच्या धाग्याच्या, टोकाला व्हीपीजी नावाचं प्रथिन चिकटलेलं असतं. ते झाडाच्या ईआयएफ-आयसो-४ई या प्रथिनाला जाऊन धरतं, हे १९९७ साली दिसलं. २००२ साली अराबिडॉप्सिस या मोहरीच्याच कुळातल्या इवल्या रोपात ते प्रथिन बंद पाडून पाहिलं. विषाणूची डाळ शिजेना, आणि रोप मात्र ठणठणीत.

इंग्लंडात वेल्सबर्नच्या संशोधकांनी चायनीज कोबीत शोधलेलं रेट्र-०१ हे जनुक याच तऱ्हेचं. कोबीत या प्रथिनाच्या जनुकाच्या एकाहून जास्त प्रती असतात. विषाणूच्या कामाची प्रत बिघडलेली, बाकीच्या घर चालवतात. म्हणजे मारामारी नाहीच. ज्या कडीला धरून चोर आत यायचा ती कडीच दाराला नाही. आईकडून बिघडलेली आणि बापाकडून धड प्रत आली, तर त्या एका धड प्रतीवर विषाणूचं भागतं. म्हणून रिसेसिव्ह. संकरित वाण करायचं तर दोन्ही जनकांत ते घालावं लागतं, काम दुप्पट!

याउलट कॅनोला या मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकातलं ट्युआरबी-०१ हे जनुक डॉमिनंट. ते विषाणूच्या ठरावीक प्रकारांनाच अडवतं, आणि विषाणूच्या एका जनुकात बदल झाला की तो त्याच्या हातून निसटतो. थोडक्यात, ‘प्रभावी’चा प्रभाव मोजका आणि ‘अप्रभावी’चा दांडगा. मुद्रितशोधकांची पेन्सिल बरोबर जागी टेकली आहे.

कानामात्रा: मग माझी हरकत ‘रोगप्रतिकारक जनुक’ यालाही. प्रतिकार कोण करतंय इथे? मराठीत ‘थारा न देणे’ आहे, ‘दाद लागू न देणे’ आहे. दोन्ही चपखल बसतात.

बांधावरची: बियाण्याच्या पाकिटावर ‘रोगास थारा न देणारे वाण’ वाचायला मला आवडेल, पण दुकानात जाऊन ‘प्रतिकारक’च मागितलं जातं. परभणी क्रांती भेंडी केवड्याला प्रतिकारक म्हणूनच लोकांच्या तोंडी बसली. तो शब्द हलणार नाही.

अवांतर: मोझॅकला ‘केवडा’ लिहू नका बरं का! भेंडीवर विषाणूचा यलो व्हेन मोझॅक म्हणजे केवडा, आणि काकडी-द्राक्षावर बुरशीचा डाऊनी म्हणजेही केवडाच.

थेम्सकाठी: इथे हिवाळ्यात शीतगृहात ठेवलेल्या कोबीत हा रोग मी पाहिलाय. गड्डा बाहेरून नितळ, मधोमध चिरला की आतल्या पानांवर काळे खोलगट डाग. सगळा माल फेकायचा.

परसदार: मग फवारणी का करत नाहीत?

बांधावरची: मावा सोंड टोचून चव बघतो, तेवढ्या काही सेकंदांत विषाणू झाडात. औषधाने तो मरेपर्यंत काम उरकलेलं असतं. म्हणून तर जनुकांच्या मागे लागलेत.

बीजांकुर: एक गंमत राहिली. इंग्रजीत रेट्र-०१ सगळं लहान लिपीत लिहितात आणि ट्युआरबी-०१ मध्ये मोठी अक्षरं येतात. नुसत्या अक्षरांवरून कळतं, रिसेसिव्ह कोण नि डॉमिनंट कोण. आपल्या लिपीत ती सोयच नाही, शब्दालाच सगळा भार उचलावा लागतो.

तळटीप: सगळ्यांचे आभार. ‘प्रतिकारक’ ठेवतेय, बांधावरचीचं पटलं. ‘अप्रभावी’ मात्र काढलं. नवं वाक्य: ‘चायनीज कोबीतलं हे जनुक रिसेसिव्ह आहे; दोन्ही जनकांकडून आलं तरच झाड विषाणूला थारा देत नाही.’

कानामात्रा: ‘रिसेसिव्ह’ तसंच?

तळटीप: तसंच. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून देते. आणि चित्राखाली ‘नवलकोल’ छापून आलंय, ते सलगम करायला आत्ताच फोन करते.