खुणांचा हातमोजा आणि बाबांची 'गाठ'

कोयनाकाठ
परवा या संकेतस्थळावर 'खुणा करा, हातमोजा बोलेल' हा लेख आला. अभियांत्रिकीच्या मुलांनी सेन्सर लावलेला हातमोजा केलाय, खूण केली की मोबाइलमधून मराठी शब्द ऐकू येतो. लेखाचा शेवट: 'मूकबधिरांच्या संवादाचा प्रश्न सुटल्यात जमा.' खाली नुसती अभिनंदनं. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझे आई-बाबा दोघंही कर्णबधिर. बोलायच्या आधी मी खुणा शिकले. ही भाषा नुसत्या हातात नसते हो! भुवया वर गेल्या की 'जेवलास'चं 'जेवलास का?' होतं. हात तेच. हातमोज्याला भुवया कुठून दिसणार? समोरच्या हवेत डावीकडे मामा 'ठेवला', उजवीकडे आत्या 'ठेवली', की पैसे कोणी कोणाला दिले हे हाताच्या दिशेवरूनच कळतं. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: तू राहणं कुठे. खुणांना स्वतःची रचना असते हे भाषेचे अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेत १९६० मध्येच दाखवलं. आपल्याकडच्या खुणांच्या व्याकरणावर भाषाशास्त्रज्ञ उलरिके झेशान यांचं काम आहे. ते कोणी चाळलंसुद्धा नाही का? २०१६ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठातल्या मुलांच्या अशाच हातमोज्याला मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा त्याच विद्यापीठातल्या सांकेतिक भाषेच्या, म्हणजे या खुणांच्या भाषेच्या, शिक्षकांनी आणि भाषाशास्त्रज्ञांनी हेच आक्षेप लेखी घेतले होते.

आणि समोरचा उत्तर देईल, ते कर्णबधिराला कसं कळणार?

मी चौथीत होते. बाबांच्या मानेला सूज आली म्हणून दवाखान्यात गेलो, दुभाषी मीच. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे." मला गाठ म्हणजे दोरीची ठाऊक. मी दोरी बांधल्याची खूण केली. बाबांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या पाहिल्या. डॉक्टर पुढे बोलत राहिले, मी पुढचं सगळंच चुकवलं. यंत्रही नेमकं हेच करणार.

सर्किटवाला
मी अशाच मुलांना शिकवतो. सहा-सहा महिने खपतात बिचारी. रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यात तुम्ही दुभाषी कुठून आणणार? 'छातीत दुखतंय' एवढं जरी मोबाइल बोलला तरी जीव वाचेल. काहीच नसण्यापेक्षा बरं ना?

कोयनाकाठ
छातीत दुखतंय हे बाबा छातीवर हात ठेवून वॉर्डबॉयलाही सांगू शकतात. अडतं ते पुढे. कधीपासून दुखतंय, कोणती गोळी घेतली, आधी कधी झालं होतं का. तिथे तुमचा मोबाइल काय बोलणार?

जुनी_पाटी
आधी 'मूकबधिर' हा शब्द टाका. मूक कोण? त्यांना आवाज असतो. माझ्या भाच्याच्या दाखल्यावर अजून तोच शब्द आहे, बदलून घ्यायला तीन खेपा घातल्या.

पहिला_शब्द
मला वेगळंच खटकतंय. इथे सगळे खुणा-खुणा करताहेत. माझ्या मुलीला अडीचाव्या वर्षी कॉक्लियर इम्प्लांट केलं, म्हणजे ऐकण्याचं यंत्र ऑपरेशन करून कानात बसवलं. आज ती सातवीत, साध्या शाळेत, मराठीत भांडते माझ्याशी. तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, घरात खुणा बंद, नाहीतर मूल बोलणार नाही. ऐकलं म्हणून फळ मिळालं.

कोयनाकाठ
फळ मिळालं याचा आनंदच आहे. पण 'खुणा बंद' हे फर्मान कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८०च्या मिलान परिषदेचं आहे. त्याच परिषदांच्या मालिकेतल्या २०१०च्या व्हँकुव्हर अधिवेशनात ते ठराव फेटाळले गेले. आपल्याकडे अजून आयांना तेच ऐकवतात.

पहिला_शब्द
परिषदा तुमच्याजवळ ठेवा. रात्रभर मशीनचा प्रोसेसर, म्हणजे बाहेरून लावायचा भाग, कानाला धरून बसलेय मी. थेरपीसाठी नोकरी सोडली. तुम्हाला ऐकू येतं, तुम्ही मला शिकवू नका.

शांतहात
मी कर्णबधिर आहे. वय ४१. मराठी माझी दुसरी भाषा, चुका समजून घ्या.

माझ्या शाळेत खूण केली की हातावर पट्टी. बाई ओठ दाखवायच्या. मामा, बाबा, पापा. आरशासमोर उभे राहून बघा, तिन्हीचे ओठ एकसारखे. मी वर्षभर बाबांना मामा लिहिले आणि मार खाल्ला. खुणा मी सुट्टीत मोठ्या मुलांकडून शिकलो, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे. त्यानंतर मला पुस्तकातली गोष्ट कळायला लागली. आधी भाषा, मग मराठी.

ताई, तुमच्या मुलीचे मशीन झोपताना निघते. तेव्हा तिच्याशी कसे बोलता?

पहिला_शब्द
दिवा लावते आणि ओठ बघ म्हणते. खरं सांगायचं तर आम्ही दोघींनी घरच्या घरी काही खुणा केल्या आहेत. थेरपिस्टना कधी सांगितलं नाही. तरीही इम्प्लांटचा मला पश्चात्ताप नाही, तेवढं लिहून ठेवा.

सर्किटवाला
धागा हातमोज्याचा होता, भलतीकडेच गेला. कॅमेऱ्याने चेहराही टिपता येतो हे मान्य कराल? आयआयटी मद्रासच्या गटाने २६३ खुणांचा व्हिडिओसंच केलाय. सुरुवात अशीच होते.

कोयनाकाठ
कॅमेरा हातमोज्यापेक्षा बरा, मान्य. पण २६३ सुट्ट्या खुणा म्हणजे भाषा नाही. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राचा कोशच २०२१ मध्ये १०,००० शब्दांवर गेला, आणि कोश पाठ केला तरी वाक्य जुळत नाही. रात्री दोनचंच म्हणाल, तर सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्णबधिर वकील सारा सनी यांनी व्हिडिओवरून, दुभाष्यामार्फत बाजू मांडली. न्यायालयात जमतं ते दवाखान्यातल्या मोबाइलवर का नको? मुलांना त्याची यंत्रणा बांधायला लावा. कमी नेटवर्कमध्येही बोटं स्पष्ट दिसतील अशी. ते खरं अभियांत्रिकीचं काम आहे.

सर्किटवाला
मुलांची मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण गटात एकही कर्णबधिर माणूस नव्हता, हे मी आज त्यांना विचारून खात्री केली. खुणा त्यांनी यूट्यूबवरून घेतल्या होत्या. चूक आहे. व्हिडिओ दुभाष्याचं काम मुलांना पुढच्या वर्षी देऊन बघतो. शांतहात, तुम्ही एकदा प्रयोगशाळेत याल का?

शांतहात
येतो. दुभाषी कॉलेजने बोलवावा आणि त्याचे पैसे कॉलेजने द्यावे. मुलांना सांगा, मी बोलताना दुभाष्याकडे नाही, माझ्याकडे बघा.